पाण्याला हात न लावता किल्ला पाहा

आधी कबुली देतो, मग शिव्या देतो.

दौलताबादच्या किल्ल्याच्या दारात आमच्यातल्या एकानं चौघांचंही आडनाव एका दमात बदलून टाकलं आणि मी तोंडातून ब्र काढला नाही. डोळ्यावर काळा गॉगल होता. पायात दोस्ताचे बूट होते. आम्ही टुरिस्ट झालो होतो.

त्याचं असं झालं. गोदीत आमच्या टोळीत एक कोकणातला गडी आहे. जेवणाच्या सुट्टीत त्यानं विचारलं, "वेरूळ तुमच्याकडंच ना रे? कसं आहे?" मी म्हणालो, "लई भारी." खोटं बोललो. गंगापूरहून वेरूळ चाळीस-एक किलोमीटर, आणि ते मी पाहिलं नव्हतं. शाळेची सहल निघाली तेव्हा घरात सहलीचे पैसे नव्हते. नंतर पैसे आले तेव्हा रजा नव्हती. माझ्या आजीनं पाहिलं नाही, बापानं पाहिलं नाही. आजी १९७२ च्या दुष्काळात सडकेच्या कामावर खडी फोडायला होती. टुरिस्टांच्या गाड्या ज्या सडकांवरून पळतात त्यातल्या एखादीच्या पोटात तिनं फोडलेली खडी आहे. "वेरूळ पाह्यलं का गं?" म्हटलं तर म्हणते, "सडक पाह्यली ना."

म्हणजे आम्ही कोण? जगाला घरातून नेऊन दाखवायची वस्तू आमच्या दारात, आणि आम्हाला तिची फक्त सडक ठाऊक.

पर्यटनाच्या चकचकीत कागदावर गंगापूर नाही. तालुक्यात वाळूजचे कारखाने आहेत, लासूरचं स्टेशन आहे, कायगाव टोक्याला गोदावरी आहे. पण पाहण्यासारखं काही नाही असं कागद म्हणतो. कागदाचं खरंच असावं. आम्ही जिथं राहतो तिथं पाहण्यासारखं काही नसतं. मोजण्यासारखं असतं. जनगणनेवाला येतो, पाहणी करणारा येतो, पोलीस येतो, निवडणुकीला टोपीवाला येतो, शहरातल्या कॉलेजातली पोरं वह्या घेऊन 'वस्तीचा अभ्यास' करायला येतात. सगळे आम्हाला पाहतात. पिढ्यानपिढ्या आम्ही पाहिले गेलो. आम्ही कधी कुणाला, कशाला, निवांत, कामाशिवाय, दोन हात मागे बांधून पाहिलंय? रिकाम्या हातांनी उभा असलेला महार-मांग गावाला कधी सोसवलाय? "काऊन उभा रे?" हा प्रश्न ज्याला विचारला जात नाही त्याचं नाव टुरिस्ट.

म्हणून ठरलं, एक दिवस टुरिस्ट व्हायचं. चौघं. एक शहरात रिक्षा चालवतो, तीच आमची गाडी. एक वाळूजच्या कंपनीत ठेक्यावर. एक मास्तर, म्हणजे डी.एड. होऊन वर्षानुवर्षं भरतीची वाट पाहणारा. आमच्यात पुस्तकं वाचणारा तोच. आणि चौथा मी. वेरूळ मंगळवारी बंद असतं म्हणून बुधवार धरला. कंपनीवाल्यानं खेळाचे नियम केले: हिंदीत बोलायचं, भाव विचारायचे पण घ्यायचं काही नाही, फोटो काढायचे, आणि चारचौघांत 'जय भीम' घालायचा नाही. शेवटच्या नियमाला आम्ही हसलो. हसलो, पण मानला. ही पहिली चूक.

छावणी, मिटमिटा मागे टाकत रिक्षा दौलताबादला लागली. तिकिटं काढली. एक गाइड चिकटला. "पाहुणे कुठले?" कंपनीवाला म्हणाला, "पुना से." "आडनाव काय साहेब?" आणि हा पठ्ठ्या गॉगल वर करून म्हणाला, "पाटील. सगळे पाटीलच."

झालं. "या पाटीलसाहेब." पुढचे दोन तास आम्ही पाटीलसाहेब होतो. सावलीत उभे केले गेलो. पाणी विचारलं गेलं. रामदेवराय यादव, १२९६ सालचा अल्लाउद्दीन खिलजी, १३२७ साली दिल्ली उचलून इथं आणणारा तुघलक, चांदमिनार, मेंढा तोफ, अंधारीतले दगाफटके, सगळं पाठ म्हणून दाखवलं गेलं. मी वर पाहत होतो. अख्खा डोंगर खालून सरळ उभा तासलाय, पाल चढणार नाही असा. मी माल उचलणारा माणूस आहे. मला चटकन हिशेब लागतो की एवढा दगड कुणीतरी फोडला, कुणीतरी पाटीत भरला, कुणीतरी डोक्यावरून वाहिला. विचारलं, "हे कुणी तासलं?" गाइड म्हणाला, "यादवांनी." राजे छिन्नी घेऊन कड्याला लोंबकळत होते वाटतं!

गाइडवर माझा राग नाही. तो पोटार्थी आहे, आमच्यासारखाच रोजावर. त्याला जे पाठ करायला दिलंय ते तो म्हणतो. राग त्यांच्यावर आहे ज्यांनी ते लिहिलं आणि काय गाळायचं ते ठरवलं.

काय गाळलं ते सांगतो. मास्तरच्या पिशवीत एक झेरॉक्स होती. बाबासाहेबांचं छोटं इंग्रजी लिखाण, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. किल्ल्यातल्या एका पायरीवर बसून त्यानं आम्हाला ते मराठीत सांगितलं, हळू आवाजात, कारण गाइड जवळ होता आणि आम्ही पाटील होतो.

१९३४ साल. चळवळीतल्या कार्यकर्त्यांना बाबासाहेबांबरोबर एकदा नुसतं फिरायला जायचं होतं. सभा नाही, परिषद नाही. प्रेक्षणीय स्थळं पाहायची. वेरूळ पाहायचं. तीसेक माणसं, भाड्याच्या बसगाड्या आणि मोटारी, नाशिकहून येवल्यामार्गे निजामाच्या मुलखात. आणि आता नीट ऐका दोस्तहो: त्यांनी कार्यक्रम जाहीर केला नव्हता. मुद्दाम. कोण आहोत ते कळू न देता प्रवास करायचा, म्हणजे अस्पृश्य टुरिस्टाला जो त्रास होतो तो टळेल. दौलताबादला पोचले. आपले लोक वाट पाहत होते, चहा घ्या म्हणाले. अंधार पडायच्या आत किल्ला पाहू, चहा परतताना घेऊ, असं सांगून ही मंडळी पुढं गेली. किल्ल्याच्या दाराबाहेर काठोकाठ भरलेला हौद. अंगभर प्रवासाची धूळ. काहींनी हातपाय धुतले, तोंड धुतलं. बस्स. मागून एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा ओरडत आला की ढेडांनी हौद बाटवला. गर्दी जमली. रमजानचा महिना. शिव्या. स्थानिक अस्पृश्यांनाही त्यात ओढलं. बाबासाहेबांनी उलट विचारलं की हाच तुमचा धर्म काय, आणि उद्या अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला हे पाणी बंद कराल काय. तेव्हा कुठं गर्दी थंडावली. मग वरून परवानगी आली: आत जा. पण किल्ल्यात कुठंही पाण्याला हात लावायचा नाही. आणि हात लागू नये म्हणून एक हत्यारी शिपाई बरोबर दिला.

साल १९३४! महाडचं चवदार तळं १९२७ साली होऊन गेलेलं. गोलमेज परिषद होऊन गेलेली. पुणे करार होऊन दोन वर्षं झालेली. लंडनच्या टेबलावर इंग्रजांच्या पंतप्रधानासमोर बसलेला माणूस दौलताबाद पाहतोय आणि त्याच्यामागे बंदूक चालतेय, कशासाठी, तर त्याची करंगळी पाण्यात बुडू नये! याला म्हणतात पर्यटन. असला शिपाई कुठल्या प्रवासी कंपनीच्या पॅकेजमध्ये असतो दाखवा.

ज्या येवल्यावरून ते आले त्याच येवल्यात पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही हे जाहीर केलं. दौलताबादमुळंच केलं असं मी म्हणत नाही. पण धुळीनं भरलेल्या त्या पायांना येवल्याची वाट ठाऊक होती एवढं म्हणतो.

आमच्या गाइडनं खिलजीची फौज कुठून आली ते बोटानं दाखवलं. १९३४ साली कोण आलं, ते मात्र दोन तासांत एका अक्षरानं काढलं नाही.

आणि लगेच टाळ्या पिटू नका, भगव्या उपरण्यांनो! म्हातारा मुसलमान होता म्हणून तुम्हाला आता आनंद झाला असेल. त्याच झेरॉक्समध्ये बडोद्याची पारशी सराय आहे, जिच्यातून काठ्या घेतलेल्या पारशांनी त्यांना बाहेर काढलं. चाळीसगावचा १९२९ सालचा टांगा आहे. अस्पृश्याला बसवून न्यायला टांगेवाल्यानं नकार दिला म्हणून आपल्याच अडाणी माणसानं तो हाकला, आणि बाबासाहेब टांग्यातून पडून जखमी झाले. जो हिंदूला अस्पृश्य तो पारशालाही आणि मुसलमानालाही अस्पृश्य, हे दाखवायलाच त्यांनी ते लिहिलंय. रोग कुठून लागला ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि आम्हालाही.

मास्तर म्हणाला, लक्षात येतंय का, या पुस्तकात बहुतेक गोष्टी प्रवासाच्या आहेत. खरंच. लहानपणचं स्टेशन आणि बैलगाडी, बडोद्याची सराय, चाळीसगावचा टांगा, दौलताबादचा हौद. मराठीत प्रवासवर्णनांनी कपाटं भरलीत. पु.लं.ची 'अपूर्वाई' घराघरात. पांढरपेशा माणूस विलायतेला गेला, तिथं त्याला चहा कसा मिळाला, थंडी कशी वाजली, खुसखुशीत लिहिलं. लिहू द्या. पण त्या कपाटात 'वेटिंग फॉर अ व्हिसा' कुणी ठेवलंय? ते 'दलित' खणात. अरे, मराठी मुलखातल्या माणसानं लिहिलेलं ते सगळ्यात खरं प्रवासवर्णन आहे! आपल्याच देशात जायला कुठला शिक्का लागतो ते त्यात लिहिलंय.

तर त्या पायरीवर बसून मला गॉगल टोचायला लागला. १९३४ साली त्यांनी ओळख लपवली, कारण मागे बंदूक होती. आमच्यामागे कुणाची बंदूक होती? एका गाइडचा एक प्रश्न होता, आणि तोही साधा. तेवढ्यावर आम्ही पाटील झालो. कंपनीवाल्याला म्हणालो, "कामून केलं असं?" तो म्हणाला, "खेळ हाय ना यार. आन् पाह्य ना, पाणी इच्यारलं त्यानं." मला उत्तर सुचलं नाही. पाणी विचारलं होतं हे खरंच होतं.

खुलताबादेत थांबलो फक्त मलिक अंबरसाठी. थोडक्यात सांगतो, कारण हे सांगायला वेगळा अंक लागेल. इथिओपियातलं एक पोर, गुलाम म्हणून विकलं गेलं, हातोहात विकलं गेलं, दख्खनला आलं आणि निजामशाहीचा कारभारी झालं. १६१० साली त्यानं खडकी वसवली. तेच हे शहर! त्यानं जमिनीखालून नहर खेळवली, लोकांना पाणी पाजलं. आठ-आठ दिवसांनी येणाऱ्या नळाखाली हंडे लावून ज्यांनी रात्री काढल्या त्यांना विचारा, पाणी आणणारा माणूस किती मोठा असतो ते. १६२६ साली तो मेला, खुलताबादला झोपलाय. २०२५ च्या मार्चमध्ये त्याच गावातल्या औरंगजेबाच्या कबरीवरून महाराष्ट्र पेटवायला निघाले होते. शहर वसवणाऱ्या गुलामाच्या कबरीवर प्रेम नाही तर नाही, रागसुद्धा कुणाला नाही. १९७२ साली मुंबईत ज्यांनी अमेरिकेतल्या काळ्या पँथरांकडं बघून आपलं नाव दलित पँथर ठेवलं, त्यांच्या पोरांनी तरी या हबशाला एकदा भेटून यावं. आम्ही गेलो तेव्हा तिथं आम्ही चौघंच होतो.

मग वेरूळ.

चौतीस लेणी. पहिली बारा बौद्धांची, पुढची सतरा हिंदूंची, शेवटची पाच जैनांची. १९८३ सालापासून जागतिक वारसा. कैलास पाहिलं. काय बोलू? डोंगर वरून खाली कापत आणलेलं अख्खं देऊळ. ते पाहून ज्याची छाती दडपत नाही तो माणूस नाही. मी कैलासाला शिव्या देणार नाही. ज्यांनी छिन्नी मारली ते माझेच कुणी असतील, आणि त्यांनी ते राष्ट्रकूटांच्या कृष्णराजासाठी केलं म्हणून ते कमी होत नाही. पण गर्दी सगळी तिथं. सोळा नंबर पाहायचा, हत्तीजवळ फोटो काढायचा, मक्याचं कणीस खायचं, परत. बुद्धाकडं पाठ. गाइड म्हणतात, "उधर कुछ खास नहीं, सब सेम है."

आम्ही उधर गेलो. दहा नंबर, विश्वकर्मा, लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. बारा नंबर, तीन मजली. आणि मग पाच नंबर.

पाच नंबर लांबलचक आहे. आत गेलं की मधोमध दगडातच कोरलेल्या दोन बुटक्या, लांब बैठका, समोरासमोर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. भिक्षू इथं ओळीनं बसून पाठ करत असतील, जेवत असतील, असं जाणकार म्हणतात. उंच आसन नाही, कुणाची वेगळी पंगत नाही. आम्ही बसलो. दगड गार होता. मास्तरनं हळूच विचारलं, "या लेण्याचं नाव माहीतंय?"

"पाच."

"नाव रे. महारवाडा."

मला वाटलं थट्टा करतोय. थट्टा नव्हती. इंग्रजांच्या वेळच्या पुस्तकांत हे नाव आहे. दक्षिणेकडच्या या लेण्यांच्या गटालाच ते ढेडवाडा म्हणत. फर्ग्युसन आणि बर्जेस यांचं १८८० चं लेण्यांवरचं जाडजूड पुस्तक आहे, त्यातसुद्धा हा वाडा आहे. आणि पाच नंबरला महारवाडा का? तर पावसाळ्यात आसपासचे महार इथं आसऱ्याला येऊन राहत.

गार दगडावर बसल्या बसल्या मला घाम फुटला. भावांनो, ज्या गावानं पावसात आमच्या डोक्यावर धड छप्पर टिकू दिलं नाही, त्या गावातून बायकापोरं, मडकी, शेरडं घेऊन आमची माणसं भर पावसात इथं येत होती. ज्या बैठकांवर भिक्षू बसले त्यांवर आमच्या आया लेकरं निजवत होत्या. समोर बुद्ध. त्यांना तो कोण ठाऊक नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ अजून लांब होता. धम्म ठाऊक नव्हता, पण विहाराचा उपयोग त्यांनी बरोबर केला. भिक्षूंचा वर्षावास म्हणजे तरी काय? पावसाचे महिने एका जागी राहणं. आमचा वर्षावास दीक्षेच्या आधीच झाला होता, कुणाला न विचारता.

इथं आमचं भांडण झालं. कंपनीवाला म्हणाला, "बरं झालं नाव गेलं ते. आता नुसता पाच नंबर हाय. जगाचे लोक येत्यात, त्येंच्यासमोर कशाला आपली अब्रू?" रिक्षावाला त्याच्या बाजूनं. म्हणाला, सवारी घेऊन येतो तेव्हा गिऱ्हाइकाला मी हे सांगू काय, आणि सांगितल्यावर तो परतीला माझ्याच रिक्षात बसेल काय? हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. त्याचं पोट त्यात आहे. मास्तर म्हणाला, नाव लाजेचं असेल तर ते ठेवणाऱ्याला लाज, राहणाऱ्याला नाही. मी कुणाच्या बाजूनं बोललो? मी ओरडलो. लेण्यात आवाज घुमतो, बाहेरचे दोन टुरिस्ट आत डोकावून गेले. मी म्हणालो, सकाळी पाटील झालात, दुपारी पाच नंबर झालात, संध्याकाळी काय होणार?

कंपनीवाला चिडला. "तू बी गप्पच व्हता की सकाळी."

होतो. म्हणून तर लिहितोय.

माझं म्हणणं असं. फलकावर लिहा. पाच नंबर खाली, नाव वर. आणि कारण लिहा, दोन ओळींत: गावानं ज्यांना आसरा दिला नाही ती माणसं पावसाळ्यात इथं राहिली. इंग्रजीत लिहा, हिंदीत लिहा, मराठीत लिहा. जपान्याला कळू द्या, थायलंडच्या भिक्षूला कळू द्या, पुण्याच्या पाटलाला तर जरूर कळू द्या. अजिंठ्याला २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाचा साहेब शिकारीला आला, त्यानं दहा नंबरच्या लेण्यात खांबावरच्या चित्रावर चाकूनं आपलं नाव खरवडलं, आणि आज गाइड ते नाव कौतुकानं दाखवतात की हा बघा 'शोध' लावणारा. चित्र खराब करणाऱ्याचं नाव इतिहास, आणि पावसात आसऱ्याला आलेल्यांचं नाव लाजिरवाणं? वा रे इतिहास!

आता थोडं आपल्या साहेबांबद्दल. त्यांना सोडलं तर ही कबुली अर्धी राहील. शहरात फ्लॅट झाले, नोकऱ्या झाल्या, आनंद आहे. बोधगया झाली, थायलंड झालं, विमानातले फोटो आले. त्यालाही आनंद आहे, आपल्या माणसानं विमानात बसावंच. पण सोसायटीच्या जिन्यात पाटी कोणती? आडनाव गाळून नुसती इंग्रजी अक्षरं. पोरं मित्रांना घरी आणणार असली की भिंतीवरचा फोटो आतल्या खोलीत. साहेब, तुमचं सगळं आयुष्यच टुरिस्टाचं झालंय. आमच्या पोरानं दोन तास पाटील होऊन पाहिलं, तुम्ही वीस वर्षं कोण आहात? आणि पुढारी तर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर मांडव घालायला येतात, माइक फोडतात, रात्री हॉटेलात. नामांतराच्या आधी ज्यांची घरं जळाली त्या गावांचा रस्ता यातल्या किती जणांना पाठ आहे?

त्या गेटवर आम्ही संध्याकाळी गेलो. वाटेत मकबरा होता, बाहेरूनच पाहिला. त्याचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा जुन्या 'तारीखनामा'त नोंदलाय. ताव्हर्निए नावाच्या फ्रेंच प्रवाशानं संगमरवर नेणाऱ्या तीनशे गाड्या पाहिल्या, लहानातल्या लहान गाडीला बारा बैल. सात आणे आपल्यापर्यंत आले. बैल आले. माणसं आली नाहीत.

गेट. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं ठराव केला की मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं. त्यानंतर मराठवाड्यातल्या खेड्याखेड्यांत काय झालं ते या अंकाच्या वाचकाला सांगायला नको. टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेचं नाव घेतलं तरी पुरे. १९७९ चा लाँग मार्च, तुरुंग, लाठ्या, आणि १४ जानेवारी १९९४. ठरावापासून नावापर्यंत जवळजवळ सोळा वर्षं. आणि तेही नाव 'मराठवाडा' सोबत ठेवून. शहराचं नाव २०२३ साली बदललं. एका घराला काडी लागली नाही. लागूही नये, कुणाच्याच घराला लागू नये. पण फरक डोळ्यांत भरतो की नाही? पर्यटनाच्या कागदावर बावन्न दरवाजांचं शहर म्हणून कौतुक असतं. मकई गेट, भडकल गेट, दिल्ली गेट. आमच्या मते या शहरातलं सगळ्यात महाग गेट हे आहे. त्याच्या किमतीचा हिशेब सात आण्यांत बसत नाही.

मिलिंदच्या आवारात चहा घेतला. बाबासाहेबांनी १९५० साली हे कॉलेज सुरू केलं, १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हातून कोनशिला बसवली. नागसेनवन. ज्या मुलखात पाण्याला हात लावू नका म्हणून मागे शिपाई दिला, त्याच मुलखात सोळा वर्षांनी त्यांनी कॉलेज काढलं. सूड घ्यावा तर असा. हे गाइडच्या पाठात नाही. म्हणून पुढच्या वेळी आम्हीच गाइड होणार. मास्तर बोलेल, रिक्षावाला नेईल. रिक्षावाल्यानं मान हलवली, पण भाडं कोण देणार ते आधी ठरवा म्हणाला. बरोबर आहे त्याचं. वाचकांनी द्यावं.

विद्यापीठामागच्या डोंगरातल्या बुद्धलेण्या राहिल्या होत्या, त्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच चढलो. सात नंबरला अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आठ संकटं कोरलीत. आग आहे, साप आहे, सिंह आहे, बेड्या आहेत. आणि एक बोट आहे, बुडणारी, आत माणसं हात जोडून. समुद्रापासून इतक्या लांब, या कोरड्या डोंगरात, कुणीतरी बुडणारी बोट कोरली. मी रोज बोटी पाहतो, तरी त्या बोटीसमोर बराच वेळ थांबलो. तिथल्या राखणदारानं विचारलं, "कुठले?" मी म्हणालो, "गंगापूरचा." "आडनाव?" सांगितलं. खरं सांगितलं. तो म्हणाला, "जय भीम," आणि दिवा धरून आतला बुद्ध दाखवला. दरवेळी असं होणार नाही हे मला समजतं. कुठं चेहरा पडेल, कुठं पाण्याचा ग्लास वेगळा येईल. येऊ द्या. तेही पाहायचंच आहे.

घरी आलो. आजी ओट्यावर बसली होती. तिला सगळं सांगितलं, कैलास सांगितलं, हत्ती सांगितले, मग महारवाडा सांगितला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिथं पाणी कुठून आणीत व्हत्या रं त्या बाया?"

मला माहीत नव्हतं. पुढच्या बुधवारी तिला घेऊन जाणार आहोत. रिक्षात मागं तीनच बसतात, म्हणून कंपनीवाला एसटीनं येतो म्हणालाय. गॉगल त्यानं परत मागितलेला नाही, माझ्याकडंच पडून आहे.